पुरुषांच्या रकान्यात

माझी माय दवाखान्याचा ओटा कधी चढली नाही. आमच्याकडच्या कोणत्याच बाईला तो ओटा चढताना मी लहानपणी पाहिलं नाही. ओटा पुरुषांचा होता. बाई फार आजारी असली तर तिला छकड्यात घालून आणत, छकडा रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली सोडत, वर धोतराचा पडदा बांधत, आणि घरचा माणूस एकटाच ओटा चढून तिचं दुखणं डॉक्टरसाहेबांना सांगे. पुष्कळदा छकडाही येत नसे. नवरा किंवा भाऊ बाजाराला आला की जाता जाता डोकावून सांगे, "घरात ताप हाय," नाहीतर, "घरात पोट दुखून राहिलं." घरात म्हणजे बायकोला, हे सांगावं लागत नसे. कंपाउंडर वहीत लिहून घेई, बाटली भरून देई. साहेबांनी बाई पाहिलेली नसे आणि बाईने साहेब पाहिलेले नसत. त्यात काही चुकतंय असं आम्हा कुणालाच वाटत नव्हतं.

मी त्या बाजाराच्या गावी शाळेला होतो. आमचं खेडं तिथून दोन कोस, नरसीच्या अंगाला. राज्य निजामाचं, शाळा उर्दूतली. माझ्या आधी घरात कुणी अक्षर गिरवलेलं नव्हतं; वडील अंगठा करत. पण माझं उर्दू अक्षर मास्तरांच्या कौतुकाचं झालं, आणि ते कौतुक दवाखान्यापर्यंत गेलं. डॉक्टरसाहेब उतारवयाचे, हैदराबादकडचे मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी मला बोलावून वर्षअखेरीचा तक्ता सुवाच्य लिहून द्यायचं काम दिलं. त्या बदल्यात ते मला संध्याकाळी इंग्रजी शिकवत. पुढे हैदराबादेतल्या कॉलेजात आणि वसतिगृहात माझी सोय झाली ती त्यांच्या चिठ्ठीने. मी पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात त्यांना दोष दिल्यासारखा वाटेल. तसा माझा हेतू नाही.

तक्ता असा असे. एका बाजूला आजारांची नावं, पुढे दोन रकाने, एक मर्दांचा, एक औरतांचा. कंपाउंडरच्या रोजच्या वहीतली नावं आजारवार मोजून मी ते रकाने भरत असे. त्या यादीत शेवटी शेवटी एक नाव होतं, सरतान. आज त्याला कर्करोग म्हणतात. तो शब्द मला ठाऊक होता, कारण माझ्या चुलत्यांना तो झाला होता. त्यांच्या गालात तंबाखूच्या जागी फोड आला. मारुतीच्या पारावर बसून त्यांनी गावातल्या ज्याला त्याला तोंड उघडून दाखवलं. तोंड दाखवायला लाज कसली? महिन्याच्या आत साहेबांनी त्यांना हैदराबादला धाडलं. तेव्हा पेरणी तोंडावर होती, तरी माझे वडील बैल दुसऱ्याच्या हवाली करून त्यांच्याबरोबर गेले. तिथं त्यांचा अर्धा जबडा कापून काढला. ते वाकड्या तोंडाने परत आले आणि पुढे कितीतरी वर्षं जगले. त्यांना चावता येत नसे. माय रोज ज्वारीची आंबील फडक्यातून गाळून त्यांना देई.

सरतानच्या ओळीत मर्दांच्या रकान्यात दरवर्षी थोडे का होईना, आकडे असत. औरतांचा रकाना कोरा. मी एकदा साहेबांना विचारलं, "औरतों में नहीं होता क्या ये मर्ज?"

साहेब वर न बघता म्हणाले, "मर्द तंबाकू चबाते हैं, मियाँ. औरतों पर अल्लाह का करम है."

ते मला पटलं. कागदावर होतं आणि साहेबांच्या तोंडून आलं होतं. सुटीत घरी गेल्यावर मी ते मोठ्या ऐटीने सांगितलं. माय अंगणात मिश्री लावत बसली होती, शेजारच्या दोघी होत्या. माय बोट तोंडातून काढून म्हणाली, "चला, एक तरी रोग बायांला सोडून गेला. त्याला बी वाटलं आसंल, हिला आदीच लई कामं हायेत." तिघी हसल्या. मीही हसलो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे त्या वेळी माझ्याही ध्यानात आलं नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी दिवाळीला घरी आलो. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, गाड्यांत उभं राहायला जागा नसे, पण मायची आठवण येई म्हणून आलो. कापूस फुटला होता. मी तिच्याबरोबर वेचणीला गेलो. पाठीला ऊन लागत होतं. ती पुढच्या ओळीत होती, कमरेला ओटी बांधून. वेचता वेचता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुहे चुलते गेले व्हते ना हैद्राबादला, तो रोग. तो बायांला न्हाईच होत ना रे?"

"न्हाई."

"पक्कं?"

"मी सोता लिव्हलं माय. चार सालाच्या वह्या मोजल्या."

ती थोडं पुढे गेली. मग म्हणाली, "मंग बाईला गाठ आली तर ती कशाची आस्ते?"

"कुनाला आली?"

"कुनाला न्हाई. खालच्या आळीच्या एकीचं इचारून राहिले."

"गळू आसंल. पोटीस बांधायला सांग."

"बरं झालं इचारलं," ती म्हणाली आणि भराभरा वेचू लागली. त्या दिवशी तिने माझ्यापेक्षा दुप्पट कापूस वेचला आणि मला चिडवलं की हैदराबादचं पाणी पिऊन माझे हात मऊ झाले. मी खूश होतो. मायने मला शिकलेला माणूस म्हणून काही विचारलं, याचाच मला आनंद झाला होता.

त्यानंतर सव्वा वर्ष गेलं. मधल्या सुट्यांत मी आलो, गेलो. काही दिसलं नाही, म्हणजे मी पाहिलं नाही. दुसऱ्या वर्षीच्या संक्रांतीला आलो तेव्हा आमच्या दारात मनियारीण चाची बसली होती. ती बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन जवळा बाजारपासून सेनगावपर्यंत गावोगाव फिरे. परक्या माणसांपैकी गावातल्या बाईचा हात हातात घ्यायची ती एवढी एकटीच. माझ्या मायशी तिचं बहिणीसारखं होतं. त्या दिवशी मायच्या उजव्या हातात नव्या बांगड्या होत्या आणि डावा हात पदराखाली. चाचीने टोपली आवरली आणि जाता जाता मला खुणेने रस्त्यावर बोलावलं.

"पढ़ा-लिखा है ना तू?" ती म्हणाली. "माँ का ये हात देखा, वो हात देखा?"

"काम करती है चाची. सूजा होगा."

"काम दोनों हातों से करती. सूजा एकच. हर साल सव्वादोन की चूड़ी चढ़ती थी, अब अढ़ाई की बी नईं चढ़ती." तिने आजूबाजूला पाहिलं. "मेरे कू दिखाई उनो. छाती में पत्थर हो गया, बेटा. ऊपर से चमड़ा खिंच गया. अब बगल में बी है."

माझ्या तोंडून तेच जुनं वाक्य निघालं. "औरतों को वो बीमारी नहीं होती, चाची. दवाखाने के काग़ज़ में..."

"किसके काग़ज़ में?" ती रागावली नाही, नुसती थकल्यासारखी म्हणाली. "सवाशीण मरी तो हरा चूड़ा भरने कू मेरेकोच बुलाते ना तुमारे लोगां? जवले में एक भरी. सेनगाँव में दो. नरसी में पिछले बरस एक. सबके हात ऐसेच थे. तेरे काग़ज़ कू किसने बुलाया था?"

ती टोपली उचलून गेली. मी तिथंच उभा राहिलो. आमच्याकडे सवाष्ण गेली की तिला हिरवा चुडा भरूनच नेतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. चुडा भरणारी काय काय पाहत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

वडील गोठ्यात होते. मी सरळ विचारलं, "बाबा, मायला काय झालंय?"

ते वैरण टाकत राहिले. "गाठ हाय. मी गेलो व्हतो दवाखान्यात. तीनदा गेलो. मलम आनलं."

"काय सांगितलंत?"

"खांद्याला गाठ हाय म्हनलं."

"खांद्याला?"

"मंग काय सांगू?" ते एकदम वळले. "ओट्यावर धा मानसं बसलेले. त्यात तुह्या मामाचे गावचे दोघं. तू आसता तर काय सांगितलं आसतं?"

मीही खांदाच सांगितला असता.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. मलम कोणतं दिलं ते पाहावं, एवढंच मनात होतं. मला तिथं सगळे ओळखत होते, कंपाउंडरने वही पुढे सरकवली. मायचं नाव सापडेना. मग वडिलांचं सापडलं. तीन वेळा. मर्द, वय पन्नास, खांद्यावर गाठ, मलम. माझे वडील, ज्यांना आयुष्यात पडसं सोडून काही झालं नव्हतं, ते वहीत तीनदा आजारी होते, आणि माझी माय कुठेच नव्हती.

मी जुन्या वह्या मागून घेतल्या. आता काय शोधायचं ते मला कळत होतं. सेनगावकडच्या एका माणसाच्या नावापुढे चार महिन्यांत पाच वेळा लिहिलं होतं, छातीचा फोड, मग वाहणारा फोड; शेवटी, नुसत्या नोंदी वाचून, साहेबांच्या हाताने सरतान असा शेरा, आणि त्यानंतर नाव बंद. ते पान मी चांगलं ओळखत होतो. तक्ता करताना मी त्याला मर्दांच्या रकान्यात मोजला होता आणि मनाशी म्हटलं होतं, गेला बिचारा. तो माणूस गेला नव्हता. याच सुटीत येताना बाजारात तो मला भेटला होता, धडधाकट, शेजारी नवी बायको. पहिली वारली म्हणून त्याने दुसरं लग्न केलं होतं. असे आणखी तीन-चार सापडले. ओट्यावर जो उभा राही त्याचं नाव वहीत जाई. दहा माणसांत बाईचं नाव विचारणं रीतीला धरून नव्हतं, आणि नवरा ते आपल्या तोंडाने घेत नसे. ताप-खोकल्याला कुणी कुणी 'फलाण्याची बायको' असं लिहून घेतलेलं होतं. पण जिथं जागा सांगायची लाज, तिथं दुखणंच नवऱ्याचं होऊन जाई. आणि त्यावरून मी, वळणदार अक्षरात, औरतांचा रकाना कोरा ठेवत आलो होतो.

मी वही साहेबांच्या पुढे नेऊन ठेवली. एकेका नावावर बोट ठेवत गेलो. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, पुन्हा पाहिलं.

"जो सामने आया उसका नाम लिखा गया," ते म्हणाले. "औरत का नाम कौन पूछता, और बताता कौन?"

मग त्यांनी मायचं विचारलं. मी सांगितलं. छाती हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उच्चारला. त्यांनी लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. "मुझे तो कोई देखने नहीं देगा. हैदराबाद में ज़नाना दवाखाना है, डॉक्टरनी है. देर मत करो."

तो दवाखाना मला माहीत होता. वसतिगृहातून कॉलेजला जाताना मी दीड वर्ष रोज त्याच्या फाटकावरून जात होतो.

घरी चिठ्ठी दाखवली. वडील म्हणाले, "सुगी तोंडावर हाय. ज्वारी खळ्यात येऊ दे."

"चुलत्याला नेलं तवा पेरणी तोंडावर व्हती, बाबा."

चुलते ओसरीवर बसले होते. त्यांनी वाकड्या तोंडाने, लाळ पुसत, एवढंच म्हटलं, "जाऊ दे तिला." पण मायच तयार होईना. तिची चिंता वेगळी होती. "मी गेले तर भाकरी कोन थापीन? तुहे बाबा थापतेन? बैलं बी खानार न्हाईत." ती हसून बोलत होती, पण डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवत होती. असे पंधरा-वीस दिवस गेले. शेवटी चाची येऊन तिच्यापुढे बसली, दोघी आत काय बोलल्या कोण जाणे, आणि माय निघाली. सुगीचं सोडून वडिलांना येता येईना. मी एकटाच तिला घेऊन हिंगोलीला गाडीत बसलो.

हैदराबादेत पुरुषांना बाहेरच्या बाकावर थांबावं लागे. माय आत गेली. आत मराठी समजणारी एक आया होती, ती तिचं बोलणं डॉक्टरणीला सांगत होती. बऱ्याच वेळाने डॉक्टरीण बाहेर आली. मध्यम वयाची, शांत बाई. तिने उर्दूत विचारलं, "कब से है?"

"दो-तीन महीने से, शायद."

"आपकी वालिदा कहती हैं, पिछली से पिछली दिवाली के पहले से. तब सुपारी जितनी थी, हिलती थी."

मी बोटांवर महिने मोजले.

"तब लातीं तो काट देते," ती म्हणाली. "यक़ीन से नहीं कहती, मगर शायद बच जातीं. अब मैं छुरी नहीं लगाऊँगी. घर ले जाइए. पट्टी साफ़ रखिए."

मी विचारलं, असं बायकांना होतं का. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी टिंगल करतोय की काय असं तिला वाटलं असावं. मग म्हणाली, "हमारे यहाँ तो औरतें ही आती हैं, बेटा. अंदर तीन और बैठी हैं."

परतताना पूर्णेला गाडी बदलायची होती. हिंगोलीच्या गाडीला अवकाश होता. जाता-येता दोन रात्री माय जनाना डब्यात आणि मी बाहेर पुरुषांच्या गर्दीत, त्यामुळे बोलणं असं झालंच नव्हतं. फलाटावर सावली धरून आम्ही बसलो. तिने भाकरी सोडली, मला दिली, स्वतः तुकडा मोडून नुसता हातात धरला.

"बाई काय म्हनली?"

"औषध दिलंय. पट्टी करायची."

"ते मला बी दिसलं. म्हनली काय ते इचारून राहिले."

"बरं होईल म्हनली. येळ लागंल."

"खोटं बोलायला बी शिकवतेत का रे कालिजात?" ती म्हणाली. मी मान खाली घातली. समोर रुळावर हमाल पोती उतरवत होते. मग तिने विचारलं, "कापसात तुला इचारलं व्हतं मी. तवाच सांगितलं आसतं, का मला हाय, तर?"

डॉक्टरीण बाहेर येऊन एकट्या माझ्याशी बोलली होती. माय तेव्हा आत होती, तिने त्यातलं काही ऐकलेलं नव्हतं. हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"न्हाई माय," मी म्हणालो. "तवा बी काई झालं नसतं. त्या रोगाला औषधच न्हाई."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला खरं वाटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ती म्हणाली, "मंग कुनाची चूक न्हाई. खा तू." आणि मला खावं लागलं.

चैत्रात गाठ फुटली. घरभर वास भरला. लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने धुणं, पट्टी बदलणं चाची करी. ती रोज तिच्या गावाहून चालून येत असे, आणि त्या दिवसांत तिचा धंदा बुडाला. मुलगा म्हणून मला आत जाता येत नव्हतं. मी दाराबाहेर बसून माय दात दाबून कण्हते तो आवाज ऐकत असे. चुलत्यांची आंबील आता शेजारची बाई गाळून देऊ लागली होती. ते प्यायचे नाहीत. ज्येष्ठ लागला आणि माय गेली. चाचीने हिरवा चुडा आणला. डाव्या हातात तो चढलाच नाही. तिने त्या बांगड्या मायच्या मुठीत ठेवल्या आणि बोटं मिटली.

तेराव्यानंतर वडील माझ्याजवळ येऊन बसले. भर दुपार होती, पाहुणे गेले होते.

"डॉक्टरीण काय म्हनली व्हती ते खरं सांग," ते म्हणाले. "तुह्या मायला तू काय सांगितलं ते तिनंच सांगितलं मला. मला खरं सांग."

मी सांगितलं. आधी आणलं असतं तर कापून काढली असती, कदाचित वाचली असती, हे शब्द मी त्यांना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी मान हलवली. "खांदा म्हनलो मी," ते म्हणाले. "तीनदा गेलो आन् तिन्ही डाव खांदा म्हनलो." मग उठून शेताकडे गेले.

मायला खोटं आणि वडिलांना खरं, असं मी का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मायला खोटं सांगितलं ते तिच्यासाठी असं मी बरीच वर्षं समजत होतो. पण वडिलांना सांगितलेलं खरं अर्धंच होतं. ते खांदा म्हणाले त्याच्या आधी, गाठ सुपारीएवढी असताना, ती माझ्याकडे आली होती. मोठ्या हुशारीने मी तिला परत पाठवलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

वडील पुढे काही वर्षं जगले. निजामाचं राज्य गेलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ते वारले. त्या वर्षांत गावात कुणाच्याही घरात बाई आजारी पडली असं कानावर आलं की ते न बोलावता छकडा जुंपून दारात उभे राहत. लोक चेष्टा करत. "आले बायांचे हकीम," म्हणत. एकदा तर एकाने त्यांना हुसकून लावलं. ते बैल वळवून घरी येत, आणि दुसऱ्या वेळी पुन्हा जात. दवाखान्याच्या ओट्यावर दहा माणसांत उभं राहून त्या बाईचं नाव ते मोठ्याने सांगत, आणि दुखायचं ते कुठे दुखतं, तेही. मी तोवर पदवीधर होऊन मास्तर झालो होतो. सुटीत घरी आलो की त्यांना छकडा जुंपताना बघत असे. ही भरपाई ते कशाची करत होते ते मला माहीत होतं, आणि त्यातली निम्मी माझी होती. कितीदा तोंडापर्यंत आलं. शेवटच्या आजारात त्यांच्या उशाशी मी आठ दिवस बसून होतो. तेव्हाही कापसातलं ते बोलणं मी त्यांना सांगितलं नाही.